‘करतो’ आणि ‘करूलालो’: इंग्लंडात नव्यानं येणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी

लातूर, उदगीर, नांदेडकडून कुणी इकडं यायला निघालं की घरचे माझा नंबर देतात. मग फोन येतो, "अक्का, स्वेटर किती आणू? कुकर आणू का?" कुकर आणा, स्वेटर इथंच घ्या. इंग्रजीचं मात्र कुणी विचारत नाही, कारण आयेल्ट्सचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल हातात असतो. आणि पहिल्या महिन्यात गाडी अडते ती तिथंच. तीही अवघड शब्दांवर नाही, साध्या वर्तमानकाळावर.

माझंच सांगते. नवी आले तेव्हा खोली बघायला गेले होते. मालकीणबाईंनी विचारलं, "डू यू स्मोक?" मी ठसक्यात सांगितलं, "नो, आय अ‍ॅम नॉट स्मोकिंग." बाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं. हातात सिगारेट नाही हे त्यांनाही दिसतच होतं. मला सवय आहे का, हे त्यांना हवं होतं, आणि मी सांगितलं की सध्या ओढत नाहीये. खोली मिळाली नाही. त्या एका वाक्यानंच गेली असं शपथेवर नाही सांगत, पण "आय डोन्ट स्मोक" एवढंच म्हणायचं होतं.

खरं तर हा फरक आपल्याला जड जायचं कारण नाही. पुस्तकी मराठीत "काय करतोस?" म्हटलं की नोकरी विचारली की आत्ताचं, ते विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागतं. आपल्याकडं तशी भानगड नाही. "काय करूलालास?" म्हणजे आत्ता, या घडीला. "जेवूलालो," हे त्याचं उत्तर. "काय करतोस?" म्हणजे पोटापाण्याचं. ज्या ‘करूलालो’साठी शाळेत आपल्याला हसले, तेच इथं उपयोगी पडतं. "व्हॉट आर यू डूइंग?" म्हणजे काय करूलालास. "व्हॉट डू यू डू?" म्हणजे काय करतोस. शेजारी दुसरा प्रश्न विचारतो आणि आपलं पोरगं सांगतं, "आय अ‍ॅम वेटिंग फॉर बस." तेव्हा तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात घरच्या बोलीत म्हणून बघा. ‘लालो’ आलं तर इंग्रजीत आयएनजी लावा, ‘तो-ते’ आलं तर साधं क्रियापद ठेवा. ‘तो, ती, ते’साठी त्याला एक ‘स’ जोडायचा. आपण येतो-येते-येतं सांभाळणारी माणसं, एका ‘स’चं काय घेऊन बसायचं!

ही युक्ती दोन ठिकाणी मात्र दगा देते.

एक, कळणं, माहीत असणं, हवं असणं, जवळ असणं. आपण सहज म्हणतो, "हां, कळूलालंय," आणि त्याचं "आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग" करतो. इंग्रजीत कळणं ही चालू असलेली क्रिया धरत नाहीत. "आय अंडरस्टँड", "आय नो", "आय वॉन्ट". "आय अ‍ॅम हॅविंग टी" चालतं, कारण चहा घेणं चालू आहे. "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" म्हटलंत तर दोन भाऊ ताटात वाढून घेतल्यासारखं होतं. "आय हॅव टू ब्रदर्स" म्हणा, भाऊ सुखरूप राहतील.

दुसरं ‘पासून’. मुलाखतीत सगळ्यात जास्त पोरं इथंच घसरतात. "मी चार वर्षांपासून नर्स आहे," हे मराठीत अगदी नीट आहे. त्याचं "आय अ‍ॅम नर्स सिन्स फोर इयर्स" होतं आणि बिघडतं. मागं सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला इंग्रजीत नुसतं ‘आहे’ पुरत नाही: "आय हॅव बीन अ नर्स फॉर फोर इयर्स." मुदत सांगायची तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’. फॉर फोर इयर्स, पण सिन्स 2021. आणि घाबरून "आय वर्क्ड फॉर फोर इयर्स" म्हणू नका. ते काम सुटलं असा त्याचा अर्थ होतो. सुटलंच असेल तर गोष्ट वेगळी.

आता ‘किती वेळा’. हा विषय आपल्याला कुणी शिकवायला नको. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आणि "तुमच्याकडं नळ किती दिवसाला येतो?" हे विचारतच आपण मोठे झालो. घोळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. आपले ‘आठ दिवस’ म्हणजे एक आठवडा, सात दिवस. इथं "एव्हरी एट डेज" म्हटलंत की समोरचा खरोखर आठ मोजतो आणि सोमवारचा मंगळवार होतो. "वन्स अ वीक" म्हणा. पंधरा दिवसाला म्हणजे "एव्हरी टू वीक्स". इथली माणसं फोर्टनाइट म्हणतात, ते चौदाच दिवस असतात. एक दिवसाआड म्हणजे "एव्हरी अदर डे". ‘बायवीकली’ हा शब्द मी तरी वापरत नाही. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर इंग्रजांचंच एकमत नाही.

मी वॉर्डात काम करते, म्हणून या बाबतीत जरा कडक आहे. सांधेदुखीच्या काही आजारांत मेथोट्रेक्सेटची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती कुणी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. "यू टेक इट वीकली?" या प्रश्नाला नुसतं "येस येस" म्हणू नका. वार सांगा, "एव्हरी मंडे."

डॉक्टरकडं नाव नोंदवायला गेलात की फॉर्मवर बहुधा दारूचा प्रश्न असतो. लाजू नका, सगळ्यांनाच विचारतात. उत्तरं आधीच छापलेली असतात: कधीच नाही, महिन्यातून एकदा किंवा कमी, महिन्यातून 2 ते 4 वेळा, आठवड्यातून 2 ते 3 वेळा, 4 किंवा जास्त वेळा. ‘समटाइम्स’ला तिथं जागा नाही. आपलं "कधीमधी, लग्नाबिग्नात" महिन्याला किती पडतं, ते घरूनच मोजून जा.

ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर यांची जागा ठरलेली असते: क्रियापदाच्या आधी, पण ‘अ‍ॅम-इज-आर’च्या नंतर. "आय युज्वली वॉक", पण "आय अ‍ॅम युज्वली लेट". ‘डेली’ मात्र मध्ये घुसवू नका. "आय डेली गो" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात, इथं कानाला खटकतं. "आय गो एव्हरी डे" म्हणा. ‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ असतं. "कधीच जात नाही" हे "आय नेव्हर गो", पुन्हा ‘डोन्ट’ नको. आणि ‘हार्डली’ला हात लावताना जपून. परभणीकडच्या एका पोरानं मुलाखतीत छाती पुढं काढून सांगितलं, "आय हार्डली वर्क." म्हणजे मी काम जवळजवळ करतच नाही. कष्ट करतो, हे "आय वर्क हार्ड".

एक गंमत शेवटी कळते. सवयीला आयएनजी नको म्हटलं ना, पण ‘ऑलवेज’सोबत मुद्दाम लावलं की त्यात कुरकुर येते. "ही ऑलवेज कुक्स" म्हणजे स्वयंपाक तोच करतो. "ही इज ऑलवेज कुकिंग" म्हणजे मेला सारखा शेगडी अडवून बसतो. खोलीतल्या सोबत्याबद्दल यातलं कोणतं म्हणायचं, ते तुमचं तुम्ही बघा. माझी आई दर रविवारी फोनवर हेच म्हणते, इंग्रजीचं एक अक्षर न शिकता: "बघावं तवा ड्यूटीच करूलालीस!"