जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांचं मंडळ कसं चालवायचं (आणि भरीत कुठे ठेवायचं)

मंडळ काढायचं म्हटलं की लोक आधी अध्यक्ष शोधतात. आम्ही पण तेच केलं, दोन मीटिंगा त्यातच गेल्या आणि पिशवीतून पुस्तक एकानेही काढलं नाही. तर ते सगळं नंतर, आधी पाच-सहा टाळकी, एक सतरंजी आणि महिन्याचा एक ठरलेला रविवार, बस. रविवार मात्र बदलायचा नाही, एकदा लग्नसराईत पुढे ढकलला की मग तो पुढेच जातो.

जागा कुठे? खान्देशात अंतरं मोठी, म्हणून आम्ही अमळनेर धरलं. सुरत-भुसावळ लाइनवर नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, जळगाव सगळंच येतं आणि धुळेकर एसटीने येतात. चाळीसगाववाले कुरकुर करतात, करू द्या, वर्षातून एकदा त्यांच्याकडे जायचं. एप्रिल-मे मध्ये सकाळी ८ ला सुरू करून ११ ला आवरायचंच, पारा ४४-४५ ला गेल्यावर पहिली आवृत्ती असो की आठवी, कोणाला काही सुचत नाही.

नियम एकच ठेवा. प्रत्येकाने एकच पुस्तक आणायचं, ते कुठे कसं मिळालं हे सांगायचं, आणि किंमत सगळ्यात शेवटी. आकडा आधी कानावर पडला की पुस्तक कोणी बघतच नाही, "भो, तुला लुटलं रे" एवढ्यावरच चर्चा संपते.

नवीन माणूस टिकवायचा असेल तर त्याला वय ओळखायच्या खेळात घ्या. आमच्यातले एक नाना एकदा वाचनपाठमालेसारखं काहीतरी घेऊन आले, मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं गायब, सालाचा पत्ता नाही. मग सगळे त्यावर तुटून पडले. मागच्या कव्हरवर किंमत "१ रुपया ४ आणे", म्हणजे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले त्याच्या आधीचं असणार. "नवे पैसे" असं छापलेलं असतं तर साधारण १९५७ ते ६४ मधलं धरलं असतं. आत "कांहीं", "घरांत" असे अनुस्वार, ते १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, पण यावर फार विसंबू नका, जुन्या वळणाचे लेखक पुढेही तसंच लिहीत राहिले. छापखान्याचा पत्ता नुसता "पुणे २", सहा आकडी पिन नाही, पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. आणि मधल्या पानावर शाळेचा जांभळा शिक्का, खाली "जि. पूर्व खानदेश". आता जिल्ह्याची ही विभागणी १९०६ ची आणि १९६० नंतर जळगाव जिल्हा असं नाव आलं, त्यामुळे एक पोरगा लगेच म्हणाला की बघा, जमलं. पण शिक्का पुस्तक छापल्याचा नसतो, ते शाळेत होतं त्याचा असतो, आणि आपल्याकडे रबरी शिक्का झिजेपर्यंत कोण बदलतो! तरी सगळं एकत्र धरून ५७ च्या आधीचं यावर एकमत झालं, आणि तो पोरगा तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. हां, साल शके मध्ये असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९.

शिक्क्यावरून आठवलं. वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल तर "निर्लेखित" असं कुठे मारलंय का ते बघा. मारलेलं असेल तर वाचनालयाने ते रीतसर काढून टाकलंय. नसेल तर मंडळात मिरवण्याआधी त्या वाचनालयात विचारा, आणि त्यांचं असेल तर मुकाट्याने देऊन या. यावरून आमच्यात एकदा जोरदार भांडण झालंय, पण नियम टिकला.

आता भरीत. डिसेंबर-जानेवारीत शेतात भरीत पार्टी झाल्याशिवाय खान्देशातलं कुठलंच मंडळ जिवंत राहत नाही, हे माझं ठाम मत आहे. काड्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, आणि हेच तेल पुस्तकाचं वैरी. पहिल्या वर्षी मीच बोटं नीट न पुसता एकाचं पुस्तक उघडलं, पानावर रुपयाएवढा डाग. लगेच टाल्कम पावडर टाकून, वर कोरा कागद आणि वजन ठेवून रात्रभर ठेवलं, डाग फिका झाला, गेला नाही. ज्याचं पुस्तक होतं तो काही बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून पुस्तकं आधी, ती पिशवीत जाऊन गाडीच्या डिकीत बंद झाली की मगच चूल पेटवायची.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो, कारण यात लोक उगाच प्रयोग करतात. सेलोटेप अजिबात नाही, काही वर्षांत पिवळी पडते आणि गोंद कागदात उतरतो. नाव लिहायचं तर पेन्सिलीने. कीड लागलेलं पुस्तक उन्हात वाळत घालू नका, आपल्या उन्हात कागदाचा पापड होतो. हवा काढून प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करा, दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर पाणी सुटतं. घरच्यांना आधी सांगा, मटारच्या पिशवीशेजारी पुस्तक सापडलं की प्रश्न होतात.

वर्षातून एक सहल धुळ्याला ठेवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं इतिहास संशोधन मंडळ १९२७ मध्ये उभं राहिलं. जुन्या कागदपत्रांची दप्तरं गोळा करायला गावोगाव पायपीट केलेला माणूस, आपण रद्दीवाल्याकडे दोन चकरा मारून दमतो. तिथेच समर्थ वाग्देवता मंदिर, शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं, म्हणजे हस्तलिखितं. आधी फोन करा, काय बघायचंय ते नेमकं सांगा, वीस जणांची झुंड नेऊ नका. अमळनेरला तर १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, घरचंच.

देवाणघेवाणीला एक वही. कोणी, काय, कधी नेलं, कोणत्या अवस्थेत, आणि खाली सही. मित्रच आहे म्हणून सोडलं की मित्र पण जातो आणि पुस्तक पण. विक्री मंडळात चालेल, पण बैठक संपल्यावर.

आणि एक काम, ज्याला सगळे टाळतात. आपल्यातलं कोणी गेलं की महिन्या-दीड महिन्यात घरचे कपाट रिकामं करायला काढतात आणि सगळं किलोवर जातं. तेव्हा स्वतः फोन करून जा, दोघं तरी. त्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही, नुसती यादी करायची, घरच्यांना काय ठेवायचं, वाचनालयाला काय द्यायचं, विकायचं काय, आणि निर्णय त्यांचाच. पानं झटकायची नाहीत, एकेक उलटायची, घरातलं माणूस समोर बसलेलं असताना. मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रं, एकदा तर सातबाराचा उतारा निघालाय. एका काकूंना पुस्तकांत काहीच रस नव्हता, न्या म्हणाल्या सगळं, पण एकात खूण म्हणून ठेवलेली त्यांच्याच हातची किराणा यादी निघाली, तूरडाळ २ किलो वगैरे, तेवढी त्यांनी काढून घेतली आणि मग म्हणाल्या हे पुस्तक पण राहू द्या.