चेन्नईत नव्यानं आलात? आधी तमिळचे बारा स्वर पक्के करा

इथे नोकरीसाठी आलेली आपली मंडळी पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "इंग्रजीवर भागतं ना?" ऑफिसात भागतं. भाजीवाली, वॉचमन, रिक्षावाला आणि घरमालकाची आई यांच्याशी बोलायचं तर तमिळच लागतं. शिकायला बसाल तेव्हा वाक्यं पाठ करण्याआधी पंधरा दिवस नुसते स्वर करा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. सगळे त्या जीभ मागे वळवून म्हणायच्या 'ऴ'चा बाऊ करतात. 'ऴ' नीट आला नाही तरी समोरचा समजून घेतो. स्वर चुकला की शब्दच दुसरा होतो आणि तो गोंधळतो.

तमिळमध्ये स्वर बारा: अ, आ, इ, ई, उ, ऊ, ऎ, ए, ऐ, ऒ, ओ, औ. ऋ नाही. यातले दहा तुमच्या तोंडात आधीपासून आहेत. नवे फक्त दोन, ऱ्हस्व ऎ आणि ऱ्हस्व ऒ. देवनागरीत त्यांच्यासाठी ही उलट्या मात्रेची चिन्हं आहेत, तीच मी पुढे वापरतो आहे. आपल्याकडे वृत्तं शिकताना ए आणि ओ कायम गुरू, म्हणजे दोन मात्रांचे. लघु ए आपल्याला कुणी शिकवलेलाच नाही. तमिळमध्ये तो एका मात्रेचा, आणि एक मात्रा म्हणजे पापणी लवायला किंवा चुटकी वाजवायला लागणारा वेळ, असं तोल्काप्पियम् या प्राचीन व्याकरणात सांगितलं आहे. सरावाला हेच धरा. तोंडाचा आकार 'ए'चाच ठेवायचा, एका चुटकीत सोडला तर ऎ, दोन चुटक्या धरला तर ए. सोलापूर, सांगली, बेळगावकडच्या ज्यांच्या कानावर कन्नड पडलेली आहे त्यांना हे सोपं जाईल, कारण कन्नडमध्ये हाच भेद आहे.

हा भेद किती कामाचा आहे ते जोड्यांवरून कळतं. पॆट्टि म्हणजे पेटी किंवा बॅग, पेट्टि म्हणजे मुलाखत. कॊट्टै म्हणजे बी, कोट्टै म्हणजे किल्ला. कॊडु म्हणजे 'दे', कोडु म्हणजे रेघ. ऎडु म्हणजे 'घे' किंवा 'उचल', एडु म्हणजे वहीचं किंवा ताडपत्राचं पान. दुकानात दिवसभर लागणारा शब्द तर ऒरु, म्हणजे 'एक'. आपले लोक तो 'ओरु' असा ताणतात. 'ऒरु कापि' म्हणताना तो ऒ लगेच सोडून द्या. बाकी स्वरांतही ऱ्हस्व-दीर्घाची हीच शिस्त आहे: पल् दात, पाल् दूध, कल् दगड, काल् पाय, पडम् चित्र किंवा सिनेमा, पाडम् धडा, विडु 'सोड', वीडु घर, मुडि केस, मूडि झाकण. मराठी बोलताना इ-ई, उ-ऊ यांच्यात आपण ढिलाई करतो आणि ती खपूनही जाते. इथे ती खपत नाही.

आणखी एक सवय मोडावी लागते. मराठी शुद्धलेखनात शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून आपण कवी, गुरू लिहितो आणि तसंच म्हणतो. तमिळमध्ये तंबि (धाकटा भाऊ), ऎलि (उंदीर), इड्लि यांचा शेवट ऱ्हस्वच राहतो. पत्तु, ऎट्टु यांसारख्या शब्दांतला शेवटचा उ तर त्याहून आखूड. व्याकरण त्याला अर्धीच मात्रा देतं आणि ओठांचा चंबू न करता तो म्हणायचा असतो. आपण पूर्ण उकार लावला की तमिळ कानाला लगेच खटकतं. शब्दाच्या शेवटचा ऐसुद्धा असाच आखडतो: लिहिताना इल्लै, बोलताना जवळजवळ इल्ले. या शहराचं नाव मराठीत आपण शेवटी ई घेऊन लिहितो. तमिळमध्ये ते चॆन्नै आहे, पहिला स्वर ऱ्हस्व आणि शेवटी ऐ.

सरावासाठी वेगळं काही शोधू नका, एक ते दहा पुरेत. पुस्तकी रूपं अशी: ऒन्ऱु, इरण्डु, मून्ऱु, नान्गु, ऐन्दु, आऱु, एऴु, ऎट्टु, ऒन्बदु, पत्तु. सात आणि आठ लागोपाठ म्हणा, एऴु-ऎट्टु, दीर्घ-ऱ्हस्व. जिभेला यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. या दहा शब्दांत ई, ओ आणि औ सोडून सगळे स्वर येऊन जातात. ई आणि ओ हळदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या ईरोडु या गावाच्या नावात सापडतील. राहिला औ. तो फार थोड्या शब्दांत येतो, पण इथलं प्रत्येक मूल तो औवैयार् या कवयित्रीच्या नावावरून शिकतं. तिच्या आत्तिचूडीतल्या पहिल्या बारा ओळी याच बारा स्वरांनी क्रमानं सुरू होतात. शेजारच्या आजींना विचारा, बहुतेक तोंडपाठ म्हणून दाखवतील.

बोलीत मात्र आकडे बदलतात: ऒण्णु, रॆण्डु, मूणु, नालु, अंजु. शिवाय सुरुवातीचा ऎ तुम्हाला 'यॆ' आणि ऒ 'वॊ' असा ऐकू येईल. त्यानं बावरू नका. आपणही 'एक' लिहून 'येक' म्हणतोच.

आता लिहिणं. पुष्कळ जण ते पुढे ढकलतात आणि रोमन लिपीवर शिकत राहतात. माझ्या मते यानं सगळ्यात मोठं नुकसान होतं, कारण रोमनमध्ये एकच e हे अक्षर ऎ आणि ए दोन्हींसाठी वापरतात आणि कान तयारच होत नाही. तमिळ लिपीत ऱ्हस्वावरून दीर्घ बऱ्याचदा छोट्याशा फरकानं होतो. अ च्या दांडीला खाली वळसा दिला की आ, ऎ ला खाली तिरकी रेघ दिली की ए, ऒ च्या टोकाला गाठ मारली की ओ. ऊ आणि औ यांच्या पोटात त्यांचं ळ अक्षर बारीक करून बसवलेलं आहे. ई चं रूप मात्र इ शी अजिबात जुळत नाही, ते घोटूनच बसवावं लागतं.

मात्रांमध्ये खरी मेहनत आहे. ऎ, ए आणि ऐ यांच्या मात्रा व्यंजनाच्या आधी लिहितात आणि नंतर वाचतात. आपली ऱ्हस्व वेलांटी अशीच आधी येते, त्यामुळे मराठी डोळ्याला ते जड जाऊ नये. ऒ आणि ओ यांच्या मात्रा व्यंजनाला दोन्ही बाजूंनी घेरतात: आधी ऎ किंवा ए ची खूण, मग व्यंजन, मग काना. हा काना त्यांच्या र सारखा दिसतो, हा पहिल्या महिन्यातला नेहमीचा घोळ. उकार तर व्यंजनागणिक वेगवेगळे, तिथे नियम शोधण्यात वेळ घालवू नका, एकेक अक्षर गिरवा.

वाचनाचा सराव बीच ते चेंगलपट्टु लोकलमध्ये करा. स्टेशनच्या पाट्यांवर तमिळ, देवनागरी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या असतात, म्हणजे उत्तर शेजारीच लिहिलेलं. फोर्टच्या पाटीवर कोट्टै, पार्कला पूंगा, एग्मोरला ऎऴुंबूर्, सैदापेटला सैदाप्पेट्टै. देवनागरी ओळीत ऎ आणि ए चा फरक बहुधा दिसणार नाही, तो तमिळ ओळीतूनच उचला. रस्त्यावर तॆरु (गल्ली) आणि सालै (रस्ता) हे दोन शब्द ओळखू यायला लागले की ऎ आणि ऐ च्या मात्रा आपोआप पक्क्या होतात.

तमिळ लिपीतली वर सांगितलेली ए-ओ ची वेगळी चिन्हं तशी अलीकडची आहेत. जुन्या ताडपत्रांवर ऱ्हस्व-दीर्घ बऱ्याचदा संदर्भावरूनच ओळखावे लागत. ही सोय केली कॉन्स्टान्झो बेस्की (१६८०–१७४७) या इटालियन पाद्र्यानं, ज्याला तमिळ लोक वीरमामुनिवर् म्हणतात. मरीना किनाऱ्यावर १९६८ मध्ये दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी जे पुतळे उभे राहिले, त्यांत औवैयार् आणि वीरमामुनिवर् दोघेही आहेत. जाऊन बघाच. जुनी पुस्तकं किंवा कोनशिला वाचताना काही अक्षरांवर ऐ ची मात्रा हत्तीच्या सोंडेसारखी दिसली तर घाबरू नका. १९७८ च्या सरकारी आदेशानं ती रूपं बदलून आजची सरळ रूपं आली.

गिरवायला पहिलीचं सरकारी पाठ्यपुस्तक घ्या, मोठ्यांसाठीच्या जाड पुस्तकांपेक्षा ते कितीतरी बरं. अम्मा, आडु (बोकड), इलै (पान), ऊंजल् (झोका), ऎलि, एणि (शिडी), ऒट्टगम् (उंट), ओडम् (होडी) अशी चित्रं त्यात असतात. तुमचं मूल इथल्या शाळेत जाणार असेल तर २००६ च्या कायद्यामुळे बहुतेक शाळांत त्याला तमिळ शिकावंच लागेल. त्याच्या वहीशेजारी तुमचीही वही उघडा. आठवड्यातून एकदा शाळेतल्या तमिळच्या टीचरना किंवा शेजारच्या अक्कांना तुमचं पान दाखवा आणि मोठ्यानं वाचून घ्या. फक्त ऎ-ए आणि ऒ-ओ तपासा, असं त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कौतुकापोटी त्या सगळंच बरोबर म्हणतील.