कोमट पाण्यात अंग कसे सोडावे

उत्तम पोहणाऱ्यांनाही पाण्यात नुसते पडून राहायला सांगितले की त्यांची मान ताठ होते. हातपाय मारायची सवय झालेली असते, काही न करण्याची नसते. इथे शिकायचे ते नेमके तेच.

१९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या हार्बिन हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी हॅरॉल्ड डल यांनी शिआत्सू या जपानी अंगमर्दनातले ताण आणि दाब कोमट पाण्यात तरंगणाऱ्या माणसांवर वापरून पाहिले. त्यातून ‘वॉत्सू’ ही पद्धत तयार झाली. ती प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यावी. तिच्यातला अगदी सुरुवातीचा भाग मात्र दोघांना मिळून करून पाहता येतो.

आधी पाणी पाहा. ते ३४-३५ अंश सेल्सिअस असावे, म्हणजे त्वचेला ना गार लागते ना गरम. हाताच्या अंदाजावर विसंबू नका, तापमापक वापरा. पोहण्याच्या नेहमीच्या तलावात नुसते पडून राहिले की थोड्या वेळात अंग आखडते. चाळीस अंशांच्या टबात उलट चक्कर येऊ शकते. पाण्याची खोली छातीपर्यंत पुरते. ताप, उघडी जखम, फिट येण्याचा त्रास, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. आणि एकट्याने तर नाहीच.

उतरल्यावर लगेच आडवे होऊ नका. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून खांदे बुडेपर्यंत खाली या. एवढ्या खोलीत तळपायांवर शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्साच उरतो. छातीवर पाण्याचा दाब असल्याने श्वास घ्यायला किंचित जोर लागतो, सोडायला मात्र पाणीच मदत करते. म्हणून लक्ष उच्छ्वासावर ठेवा. पाच मिनिटे एवढेच पुरे. मला विचाराल तर निम्मे काम इथेच होते, आणि घाईत लोक नेमका हाच भाग गाळतात.

मग जोडीदाराने पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहावे. त्याचा एक हात तुमच्या डोक्यामागे, मानेला लागून, दुसरा कमरेखाली. पाय बुडत असतील तर गुडघ्यांखाली फोमची नळी घाला. अनेकांचे पाय बुडतात, त्यात चुकल्यासारखे वाटायचे कारण नाही. कान पाण्याखाली, नाक-तोंड कायम वर. कान बुडाले की बाहेरचा गलका विरतो आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. काहींना याचीच भीती वाटते. त्यांनी कान बाहेर ठेवले तरी चालते. थांबायचे असेल तर जोडीदाराच्या दंडावर दोनदा थोपटायचे, ही खूण आधीच ठरवा.

आता जोडीदाराने काहीही ‘करायचे’ नाही. श्वास आत घेतला की छाती फुगते आणि अंग आपोआप थोडे वर येते, सोडला की खाली जाते. त्या चढउताराबरोबर हात वरखाली होऊ द्यावेत, बस्स. हे जमले की उच्छ्वासाच्या वेळी एक पाऊल मागे सरकायचे. पाण्याच्या ओढीने पाय मागोमाग झुलत येतात आणि पाठीचा कणा लांबतो. दिशा बदलली की ते दुसरीकडे वळतात. ओढायचे नाही, पिळायचे नाही, मान तर मुळीच फिरवायची नाही.

मध्येच डोळ्यांत पाणी आले तर विचारपूस करू नये. आधार तसाच ठेवावा. हसू फुटते, काही जण झोपतातही.

पंधरा-वीस मिनिटांनी पाठ पुन्हा भिंतीला टेकवा, तळपाय जमिनीला लागू द्या आणि मगच हात काढा. बाहेर पडताना वजन एकदम परत येते, रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. दुसऱ्या पायरीवर थोडे बसा, अंगावर टॉवेल घ्या, पाणी प्या. लगेच गाडी चालवायला घेऊ नका. आणि कसे वाटले हे जोडीदाराला सांगायची घाईही करू नका.