मे हाँग सॉनच्या शान गावात जाताय? या चुका टाळा

उत्तर थायलंडच्या मे हाँग सॉनला जाऊन आलेली मंडळी ‘शान गाव बघितलं’ म्हणतात आणि मोबाइलवर फोटो दाखवतात ते गळ्यात पितळेची वेटोळी घातलेल्या बायकांचे. घोळ तिथेच होतो. शान म्हणजे म्यानमारच्या शान राज्यात आणि सीमेच्या अलीकडे थायलंडमध्ये राहणारे ताय लोक. फोटोतल्या बायका कायान जमातीच्या, शान नव्हेत. म्यानमारमधल्या लढायांमुळे १९८० च्या दशकापासून सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची ती वस्ती. चहाच्या मळ्यांचं बान राक थाई हेही शान गाव नाही. तिथे चीनच्या युनान प्रांतातून आलेल्या चिनी सैनिकांचे वंशज राहतात. अर्ध्या दिवसाच्या सहलीत ही सगळी गावं एकाच माळेत ओवलेली असतात, आणि खरं शान गाव बहुतेक वेळा त्या माळेत नसतंच.

म्हणून बुकिंग करताना ‘आदिवासी गाव’ असं मोघम मागू नका, ‘ताय याय’ लोकांचं गाव म्हणा. ‘शान’ हा बर्मी शब्द. हे लोक स्वतःला ताय म्हणवतात आणि थाय लोक त्यांना ताय याय, म्हणजे थोरले ताय, म्हणतात. ‘ङियाव’ हा जुना थाय शब्द कानावर पडेल, तो मात्र उचलू नका. तो हिणवण्यासाठी वापरला जायचा. हॉटेलात ‘खनोम चीन नाम ङियाव’ हे शेवयांचं सूप मागवायला हरकत नाही, माणसाला तसं म्हणू नये इतकंच. भेटल्यावर ‘माइ सूंग खा’ म्हणालात तर समोरची आजी खुलते. थाय नमस्कार तिला रोजच ऐकायला मिळतो.

आणखी एक: ‘अस्सल शान बघायचं तर थेट शान राज्यातच’ हा हट्ट सध्या नको. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या त्या भागात लढाई पेटलेली आहे. २०२४ मध्ये लाशिओसारखं मोठं शहर सशस्त्र गटाच्या हाती गेलं होतं. एके काळी पायी भटकंतीसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्याच सीपॉची जुनी प्रवासवर्णनं वाचून बेत आखू नका. सीमेच्या अलीकडे मे हाँग सॉन प्रांतात खुन युआमजवळचं मुआंग पोन किंवा पांग मफाकडचं मे ला ना अशी गावं आहेत. तिथे लोकांच्या घरी मुक्काम करता येतो.

दुपारी बाराला पोचणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मीही ती केली. शहरातून निवांत नाश्ता करून निघालो, ऊन डोक्यावर आल्यावर गावात पोचलो. लाकडी घरं, खाली सावलीत झोपलेली कुत्री, माणूस एक नाही. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असं म्हणून परत. नंतर कळलं की सगळे शेतावर होते आणि ज्यांच्या घरी काम चालतं ते पहाटेच उरकून मोकळे झाले होते.

शान गावातली कारागिरी प्रदर्शनासाठी मांडलेली नसते, ती घरच्या कामाचाच भाग असते. सोयाबीन शिजवून, आंबवून, कुटून त्याच्या पातळ चकत्या थापतात आणि बांबूच्या जाळीवर उन्हात घालतात. ही ‘थुआ नाव’. आपल्या वाळवणासारखंच, फक्त वास उग्र. थापणं सकाळी, वाळणं दिवसभर. दुपारी गेलात तर तुम्हाला नुसते पापड दिसणार. तेव्हा एक रात्र मुक्काम करा. ते जमत नसेल तर उजाडताना निघा, आणि तेही नाही तर दुपारी चारनंतर जा.

उशीर झालाच तर गावचं देऊळ गाठा. इथल्या देवळांना ‘चोंग’ म्हणतात. छपराच्या कडेला पत्र्याची नाजूक झालर दिसेल. छिन्नीने एकेक भोक पाडून केलेल्या या कामाला ‘पान सोय’ म्हणतात. मे हाँग सॉन शहरात तळ्याकाठच्या चोंग खाम आणि चोंग क्लांगला मान वर करून अर्धा तास उभं राहा, दिवस फुकट गेला असं वाटणार नाही.

ऋतू न बघता जाणं

मार्च संपता-संपता, एप्रिल लागताना पॉय सांग लॉंग हा सोहळा असतो. मुलगे राजपुत्रासारखे सजून श्रामणेराची, म्हणजे बाल-भिक्खूची, दीक्षा घेतात. त्यांचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात, म्हणून ‘तापे’, म्हणजे सोबतचे पुरुष, त्यांना खांद्यावर घेऊन मिरवतात. सेल्फीसाठी त्या मुलाला खाली उतरवायला सांगणारे पर्यटक असतात, आपण त्यांत नसावं. आणि नेमके हेच दिवस वणव्यांच्या धुराचे. डोंगर दिसत नाहीत, घसा धरतो. दमा असेल तर हा सोहळा सोडाच.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबर. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या कोजागिरीच्या आगेमागे, आईला धम्म सांगून बुद्ध स्वर्गातून परततात अशी श्रद्धा आहे. त्यांच्या स्वागतासाठी दारोदारी ‘चोंग पारा’ उभारतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कातरलेल्या रंगीत कागदाची नक्षी, असा छोटा प्रासाद. ज्याने लहानपणी दिवाळीच्या आधी कामट्या तासून आकाशकंदील केला, त्याला हे काम लांबून बघवणार नाही. पण सणाच्या दिवशी गेलात तर सगळं तयार झालेलं असतं. चार-आठ दिवस आधी जा. कात्री हातात मिळण्याची शक्यता तेव्हाच.

‘टोफू’ला घाबरणं, सूपावर विश्वास टाकणं

शाकाहारी मंडळी टोफू बघून नाक मुरडतात आणि ‘भाजीचं सूप’ बिनधास्त घेतात. उलटं करा. शान टोफू सोयाबीनचा नसतो. तो हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या पिठाचा, हळदीचा पिवळा. गरम असताना थेट पिठलं, थापून गार झाल्यावर वडी, तळल्यावर भजी. नाम ङियावमध्ये मात्र डुकराचं मांस आणि बहुधा रक्तही असतं. केळीच्या पानातला गुलाबीसर भात, ‘खाव कान चिन’, तोही रक्त कालवलेला. ‘किन जे’ एवढं सांगा. त्यात मांस-मासळीच नव्हे, कांदा-लसूणही वगळतात. बटाटा-गाजरासारखी कंदमुळं मात्र चालतात, तेव्हा जैन मंडळींनी ते वेगळं सांगावं. गरम टोफूवर वरून काय घालतायत ते तरीही बघा.

रस्त्याबद्दल थोडक्यात: चियांग माईहून पाईमार्गे येताना वळणं संपता संपत नाहीत. वळणांचा १८६४ हा आकडा तिथे टीशर्टवरही छापलेला असतो. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची, पहिल्या उलटीनंतर नव्हे. आणि मोटारसायकल भाड्याने घ्यायची तर दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते.

घरात बसल्यावर ‘तुम्ही मूळचे बर्माचे का? कागदपत्रं आहेत का?’ हे विचारू नका. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले शान आहेत, तसेच अलीकडे लढाईतून पळून आलेले, नागरिकत्व नसलेलेही आहेत. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांचा चेहरा फेसबुकवर टाकणं त्यांना महागात पडू शकतं. फोटो काढायचाच तर हातांचा काढा.

खरेदीत फसगत होते ती कापडात. बाजारात कंबरपट्ट्याच्या मागावर विणलेलं जे दिसतं ते बहुतेक करेन जमातीच्या बायकांचं, बारीक भरतकाम ह्मोंग जमातीच्या लोकांचं. दोन्ही सुंदर, पण शान म्हणून घेऊ नका. शान वस्तूच हवी तर कापडी गाठींची बटणं असलेली चोळी घ्या, नाहीतर ‘कुप ताय’ ही टोकदार टोपी. बांबूच्या पेरांवरची वाळकी आवरणं जोडून ती करतात. गावात घासाघीस करू नका. आणि ती टोपी बॅगेत कोंबाल तर मुंबईला चपटी पोचेल. डोक्यावर घालूनच विमानात चढा. लोक बघतात, बघू द्या.