रानातली झाडं एकमेकांची किती जवळची? असं मोजा

महाबळेश्वरच्या सदाहरित रानात २० × २० मीटरचा चौकोन आखा. जमिनीपासून १.३ मीटरवर ३० सेंमीहून जास्त घेर असलेलं प्रत्येक झाड प्रजातीनिशी नोंदवा. जांभूळ आणि अंजनी दोन्ही मिर्टेल्स गणातल्या. पिसा मात्र लॉरेसी कुळातला, फार दूरचा.

'आर' या संगणकभाषेतल्या व्ही.फायलोमेकर पॅकेजने प्रजातींचा वंशवृक्ष बांधा, पिकांटे पॅकेजने प्रजातींच्या जोड्यांमधलं सरासरी वंश-अंतर काढा आणि वंशवृक्षावरच्या नावांची ९९९ वेळा अदलाबदल करून ताडून पाहा. अंतर या अदलाबदलीतून येणाऱ्या अपेक्षेपेक्षा कमी आलं, तर बहुधा हवामान-मातीची चाळणी: तिथे तगणारे नातलगच उरले. जास्त आलं, तर जवळच्या नातलगांमधली स्पर्धा किंवा सामाईक कीड-रोग. घाई मात्र नको: वरचढ कूळ दुसऱ्याला हुसकावतं तेव्हाही अंतर घटतं.

खरा घोळ तुलनेच्या यादीत, म्हणजे ज्या प्रजातींमध्ये नावांची अदलाबदल करता तिच्यात होतो. तिच्यात पानझडी रानातले साग-पळस घुसवले, की नात्याची दाटी उगाच दिसते. वृक्षनेचा (झाडाएवढं नेचं, फुलझाडांपासून फार दूरचं) एखादाच असला तरी सरासरी फुगते; तो वगळून पुन्हा मोजा.