स्वतंत्र चित्रपटांचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू करण्याआधीची तयारी

मराठीतील स्वतंत्र चित्रपटांसाठी ऑनलाइन व्यासपीठ उभे करायचे ठरले की पहिली बैठक बहुधा ॲपचे नाव, रंग आणि बोधचिन्ह यांवरच संपते. आमच्या गटाचीही तशीच संपली होती. त्यानंतरचे कित्येक महिने ज्या कामांत गेले त्यांतील बहुतेकांचा ॲपशी फारसा संबंध नव्हता. म्हणून ही यादी, कोणत्या कामावाचून पुढचे सगळे अडून राहते, या क्रमाने लिहीत आहे.

सर्वप्रथम आर्थिक रचना ठरवावी, कारण निर्मात्याशी बोलणी करताना तो पहिला प्रश्न तोच विचारतो. मासिक वर्गणी घ्यायची की प्रेक्षकाने जो चित्रपट पाहिला त्याचेच पैसे घ्यायचे, हे ठरले पाहिजे. केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळाने ७ मार्च २०२४ रोजी ‘सी स्पेस’ हे आपले ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले तेव्हा दुसरा मार्ग निवडला. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी ७५ रुपये, त्यातील निम्मी रक्कम निर्मात्याला, आणि सुरुवातीला ४२ कलाकृती, असे त्याचे स्वरूप होते. मोजक्या चित्रपटांनिशी सुरुवात करणाऱ्यांना हाच मार्ग योग्य आहे, असे माझे मत आहे. वर्गणी घेतली की दर महिन्याला नवे काही देण्याचे बंधन येते आणि स्वतंत्र चित्रपट त्या वेगाने तयार होत नाहीत.

यानंतर हक्कांचे काम येते, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. प्रत्येक चित्रपटाच्या हक्कांची साखळी, म्हणजे कथालेखकापासून आजच्या हक्कधारकापर्यंतचा प्रत्येक करारनामा, प्रत्यक्ष कागदावर पाहावा. ‘हक्क माझ्याकडेच आहेत’ या तोंडी आश्वासनावर काहीही प्रदर्शित करू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मर्यादित धरला जातो. लंडन, सिंगापूर किंवा न्यू जर्सीतील मराठी माणसाने आपला चित्रपट पाहावा असे वाटत असेल, तर करारात जगभराचा उल्लेख हवाच. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. चित्रपट जुना असेल तर या तरतुदीवर कायदेशीर सल्ला घ्यावा आणि नवा पूरक करार करून ठेवावा.

गाण्यांचा विचार वेगळा करावा. त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना, चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापरासाठी रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क दिला असून तो त्यांना सोडूनही देता येत नाही. त्यामुळे आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेशी बोलणी लवकर सुरू करावीत. आणि पार्श्वभूमीला वाजणारे संगीत तपासताना चित्रपट हेडफोन लावून पुन्हा एकदा पूर्ण ऐकावा. आमच्या पहिल्या यादीतील एका चित्रपटात एसटी स्टँडवरच्या टपरीचे दृश्य होते. चहा उकळतो आहे, समोर गाडीची पाटी बदलते आहे, आणि मागे रेडिओवर एक जुने गाणे जेमतेम चाळीस सेकंद वाजते. त्या गाण्याची परवानगी फक्त महोत्सवांपुरती घेतलेली होती, आणि ऑनलाइन वापरासाठी मागितलेली रक्कम दिग्दर्शिकेच्या आवाक्याबाहेरची होती. सुदैवाने ध्वनीचे सुटे ट्रॅक जपून ठेवलेले असल्यामुळे रेडिओचा ट्रॅक तेवढा बदलता आला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक निर्मात्याकडे अंतिम मिश्रणाबरोबरच संवाद, संगीत आणि परिणामध्वनी यांचे स्वतंत्र ट्रॅकही मागतो.

चित्रपटाच्या पुढच्या वाटचालीचाही विचार करावा. अनेक महोत्सव आपल्याकडे प्रथम प्रदर्शनाची अट घालतात आणि ऑनलाइन आलेला चित्रपट त्या अटीत बसत नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ऑनलाइन प्रदर्शनासाठी ते लागत नाही. नव्या दिग्दर्शकाला हा फरक ठाऊक नसेल तर तो समजावून सांगणे हे व्यासपीठ चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याने आणखी सहा महिने थांबायचे ठरवले, तर त्या निर्णयाचा मान ठेवावा.

हक्कांचे कागद जुळू लागले की मूळ फाइली मागवाव्यात. सिनेमागृहासाठी बनवलेली डीसीपी, म्हणजे प्रोजेक्टरवर चालवायची डिजिटल प्रत, पुष्कळदा कुलूपबंद असते आणि तिची किल्ली विशिष्ट प्रोजेक्टरपुरती, विशिष्ट तारखांपुरती दिलेली असते. म्हणून मूळ प्रत म्हणून प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा तत्सम, म्हणजे फारशी न दाबलेली उच्च दर्जाची फाइल मागावी. फुल एचडीतील दोन तासांच्या अशा फाइलचा आकार दीडशे जीबीच्या पुढे जातो आणि २० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवरून ती चढवायला सतरा-अठरा तास लागतात. मधेच वीज गेली की काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागू शकते. त्यापेक्षा हार्ड डिस्क हातोहात आणावी, फाइल उतरवून घेतल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी आली की नाही हे सांगणारा आकडा) जुळवून पाहावा, आणि दोन प्रती दोन वेगळ्या शहरांत ठेवाव्यात. कित्येक स्वतंत्र चित्रपटांची एकमेव चांगली प्रत दिग्दर्शकाच्या कपाटातील एका डिस्कवर असते. व्यासपीठ चालो अथवा न चालो, ती दुसरी प्रत तयार झाली हेसुद्धा मोठे काम आहे.

ध्वनी मोबाइलच्या साध्या स्पीकरवर ऐकावा. सिनेमागृहासाठीचे पाच अधिक एक (५.१) वाहिन्यांचे मिश्रण आपोआप दोन वाहिन्यांवर उतरवले की हळू आवाजातले संवाद पाऊस किंवा पंख्याच्या आवाजाखाली दबतात. प्रत्यक्ष स्थळावर ध्वनिमुद्रित केलेल्या चित्रपटांत हे हमखास घडते, म्हणून दोन वाहिन्यांचे मिश्रण ध्वनिसंयोजकाकडूनच करून घ्यावे.

सबटायटलचे काम अनेक जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, आणि तिथेच मराठी चित्रपटांचे सर्वाधिक नुकसान होते. इंग्रजी सबटायटल तर हवीतच, पण मराठी सबटायटलही हवीत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती हवीत, आणि मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलीतील संवाद पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मराठी प्रेक्षकासाठीही हवीत. बोलीतील संवाद सबटायटलमध्ये प्रमाण भाषेत ‘दुरुस्त’ करू नयेत. फार तर एखाद्या शब्दापुरता अर्थ द्यावा. जुन्या फाइली युनिकोडपूर्व (प्रत्येकाची अक्षरसंकेतांची रचना वेगळी असलेल्या) फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर त्या रूपांतरित केल्यानंतर ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी. रूपांतरात ‘ऱ्य’चा अनेकदा ‘र्य’ होतो. मग ‘दुसऱ्या’ या शब्दाचे ‘दुसर्या’ झाले तर निदान चूक दिसते, पण ‘दऱ्या’चे ‘दर्या’ किंवा ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ झाले तर अर्थच बदलतो आणि संगणकाला त्यात काही वावगे वाटत नाही. आमच्या चाचणीत एका जुन्या स्मार्ट टीव्हीवर ‘ऱ्या’च्या जागी सुटा ‘र’ आणि त्याला लागून ठिपक्यांचे पोकळ वर्तुळ दिसत होते. फाइल अचूक होती; टीव्हीच्या फाँटमध्ये ते जोडाक्षर नव्हते. त्यामुळे देवनागरी फाँट ॲपसोबतच द्यावा, उपकरणावर विसंबू नये.

शोधाच्या रकान्याचीही अशीच काळजी घ्यावी. प्रेक्षक ऱ्हस्व-दीर्घ चुकवतो, चित्रपटाचे मराठी नाव रोमन लिपीत टंकतो, दिग्दर्शकाचे केवळ आडनाव लिहितो. या सर्व वाटांनी चित्रपट सापडला पाहिजे. श्रेयनामावलीतील प्रत्येक नावाचे शुद्धलेखन त्या त्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे.

कायदेशीर पूर्ततेत २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम मुख्य आहेत. त्यांनुसार प्रत्येक चित्रपटाचे यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए असे वर्गीकरण स्वतः करून, त्यामागचे कारण हिंसा, भाषा, अमली पदार्थ अशा शब्दांत प्रेक्षकाला आधीच दाखवावे लागते. १३+ आणि त्यावरील चित्रपटांसाठी पालकांच्या हाती कुलपाची सोय, आणि ए वर्गासाठी वयाची खात्री करण्याची विश्वासार्ह पद्धत लागते. हे वर्गीकरण एकट्यादुकट्याने करू नये. तीन जणांनी चित्रपट पाहून आपापली टिपणे लिहावीत आणि ती जपून ठेवावीत, म्हणजे पुढे तक्रार आली तर उत्तर देता येते. तक्रार निवारण अधिकारी भारतातील असावा, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी आणि १५ दिवसांत तिचा निकाल लावावा, असे नियम सांगतात. काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची असते. १ सप्टेंबर २०२३ पासून तंबाखूच्या दृश्यांचे नियमही ऑनलाइन माध्यमाला लागू आहेत. असे दृश्य असलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत, दुष्परिणामांविषयीचे किमान २० सेकंदांचे निवेदन आणि दृश्य चालू असेपर्यंत पडद्याच्या तळाशी सूचना द्यावी लागते. मध्ये म्हणजे नेमके कोठे, हे दिग्दर्शकाला विचारूनच ठरवावे. ऐन संवादाच्या तोंडावर चित्रपट तोडला जाऊ नये. प्रेक्षकांची वैयक्तिक माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून गरजेपेक्षा जास्त माहिती मागूच नये. जन्मतारीख विचारायची असेल तर ती का हवी, हे तिथेच लिहावे.

पैशांच्या बाजूचा हिशेब निर्मात्यासमोर रुपयांत मांडावा. प्रेक्षकाने १०० रुपये भरले, तर १८ टक्के जीएसटी वजा जाता सुमारे ८४ रुपये ७५ पैसे उरतात. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, दोन-सव्वादोन रुपये गेले की साधारण ८२ राहतात आणि निम्म्या वाट्याचा करार असेल तर निर्मात्याच्या हाती उद्गम करकपातीपूर्वी (टीडीएसपूर्वी) ४१ रुपये येतात. ॲप स्टोअरमधून खरेदी झाली आणि त्यांनी ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेतले तर हा आकडा बराच खाली येतो, त्यामुळे दोन्ही आकडे करारासोबत जोडावेत. ‘निव्वळ उत्पन्नाच्या पन्नास टक्के’ एवढेच लिहिलेला करार पुढे भांडणाचे कारण होतो, कारण निव्वळ या शब्दात कोणता खर्च धरला आहे हे कोणीच लिहिलेले नसते. जाहिरातीचा आणि सर्व्हरचा खर्च त्यात धरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तो व्यासपीठाने आपल्या वाट्यातून सोसावा. पुढे वर्गणी सुरू केलीच, तर आपोआप होणाऱ्या कपातीसाठी रिझर्व्ह बँकेने दर व्यवहाराला घातलेली १५,००० रुपयांची मर्यादा आपल्याला पुरेशी आहे, पण कपातीपूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे.

तांत्रिक चाचणी कार्यालयातील वेगवान जोडणीवर करून समाधान मानू नये. दोन तासांचा चित्रपट ५ एमबीपीएसने पाहिला तर साडेचार जीबी डेटा लागतो आणि ०.८ एमबीपीएसने पाहिला तर सुमारे ७२० एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या प्रेक्षकाला पहिला पर्याय परवडत नाही. म्हणून कमी बिटरेटची, म्हणजे कमी डेटा लागणारी, प्रतही काळजीपूर्वक तयार करावी, विशेषतः रात्रीची दृश्ये त्या प्रतीत डोळ्यांनी तपासावीत, आणि वायफायवर चित्रपट उतरवून ठेवून नंतर पाहण्याची सोय द्यावी. चोरी रोखण्यासाठी डीआरएम (नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप) आणि प्रत्येक प्रेक्षकागणिक वेगळा अदृश्य वॉटरमार्क (प्रत कोणाकडून फुटली हे सांगणारी खूण) हवा. मात्र जुन्या, स्वस्त फोनवर डीआरएममुळे पडदा काळा राहत नाही ना, हे प्रत्यक्ष पाच-सहा फोन हाताळून पाहावे.

उद्घाटनाची तारीख इतके सगळे झाल्यावरच ठरवावी. आयपीएलचे दिवस, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि गणपतीचे दहा दिवस टाळावेत. नोव्हेंबरात गोव्यातील इफ्फी आणि जानेवारीच्या सुमारास पुण्याचा पिफ हे चित्रपट महोत्सव असतात. त्या काळात चित्रपटाची चर्चा आपसूक सुरू असते आणि दिग्दर्शकही भेटतात, पण नेमके तेच त्या वेळी कामात गुंतलेले असतात. तारखेच्या तीन आठवडे आधी शेदोनशे प्रेक्षकांना खरे पैसे भरायला लावून चाचणी घ्यावी. त्यांत फिल्म सोसायटीचे जुने सभासद असावेत, तालुक्याच्या गावचे महाविद्यालयीन विद्यार्थी असावेत आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळांतील काही कुटुंबेही असावीत, कारण तिकडचे कार्ड नाकारले जाते की स्वीकारले जाते हे इथे बसून कळत नाही. पैसे गेले पण चित्रपट उघडला नाही, अशा वेळी फोन उचलणारा मराठी बोलणारा माणूस रात्री अकरापर्यंत हजर असावा. घरोघरी चित्रपट लागतो तो जेवणे आटोपल्यावरच.

पहिल्या महिन्याचे विवरणपत्र कसे दिसेल, त्याचा नमुनाही उद्घाटनापूर्वीच तयार ठेवावा. किती जणांनी पैसे भरले, किती जणांनी शेवटपर्यंत पाहिले, कोणत्या जिल्ह्यांतून आणि कोणत्या देशांतून पाहिले, कर व गेटवेचे किती गेले आणि निर्मात्याचे किती झाले, हे सारे एका पानावर यावे. ते पान पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला पैशांसह प्रत्येक निर्मात्याला जावे, आणि ज्याचा चित्रपट त्या महिन्यात एकानेही पाहिला नाही त्यालाही शून्य लिहून जावे.