पेटीवरून सूर लावा, युकुलेलेवर सी कॉर्ड धरा

युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. गावच्या भजनी मंडळाची पेटी असेल तर ते सुरात लावायला ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) लागत नाही. वरून खाली चारही तारा पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी पाच, एक, तीन आणि सहाशी (सी पासून मोजलेल्या पांढऱ्या पट्ट्या) मिळवा.

सी कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या त्या जुळणीसाठी, डाव्या हाताची अनामिका सर्वांत खालच्या तारेवर तिसऱ्या घरात ठेवा, तिसऱ्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या) पट्टीला खेटून, पण पट्टीवर नाही. अंगठा दांडीमागे. आता एकेक तार छेडा. दाबलेली तार खरखरली तर बोट पट्टीपासून मागे राहिलंय. शेजारची तार ठस्स वाजली तर बोट आडवं पडून तिला टेकतंय. पेर वाकवून उभं करा. नख वाढलेलं असेल तर हे जमणारच नाही, आधी कापा.

नव्या नायलॉन तारा आठवडाभर ताणत राहतात, रोज सूर तपासा. आणि मे महिन्यात वाद्य टिनाच्या खोलीत ठेवू नका. उन्हानं सांधे सुटतात.